पाकिटातला कौल

पाकीट फोडून राजसीने आतला कागद वाचून दाखवला, तेव्हा सखूबाईंनी तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला, कपाळाला टेकवला आणि डोळे मिटले.

"चामडीचा आला," त्या म्हणाल्या. जबडा जेमतेम बोटभर उघडत असल्याने त्यांचे शब्द दातांच्या फटीतून चपटे होऊन बाहेर पडत. "बुधाजीला चरबीचा, मना चामडीचा. ज्याला जे सोसंल ते देवी बरोबर जानते. सांभाल गो आये."

राजसी सवयीने हसली. मग ते हसू ओठांवर तसेच राहिले आणि आत काहीतरी निसटले, जिन्यात एक पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे.

उल्हासनगरच्या दंत महाविद्यालयातला मुख आणि जबड्याच्या शस्त्रक्रियांचा हा छोटा वॉर्ड. खिडकीतून खालच्या फर्निचरवाल्यांच्या पॉलिशचा वास येत होता, आणि दुपार त्या वासासारखीच चिकट झाली होती. राजसी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे संशोधन सुपारीने आखडलेल्या तोंडांवर होते. वर्षानुवर्षे सुपारी चघळणाऱ्यांच्या गालांच्या आत ताठर दोऱ्या धरतात, मऊ भिंत चामड्यासारखी होते आणि जबडा थोडाथोडा करून मिटत जातो. त्या दोऱ्या कापाव्या लागतात. कापल्यावर जो उघडा घाव उरतो, तो झाकण्याचे दोन मार्ग: गालाच्या आतलीच चरबी ओढून पसरायची, किंवा नाकाशेजारच्या घडीतली कातडी वळवून आत बसवायची. पहिल्यात चेहरा अभंग राहतो, पण चरबी पुढपर्यंत पुरेल की नाही याची शाश्वती नसते. दुसऱ्यात झाकण पुरते, पण चेहऱ्यावर कायमची रेघ उमटते. दीर्घकाळ टिकणारा मार्ग कोणता, हे कोणालाच खात्रीने ठाऊक नव्हते. म्हणून संगणकाने काढलेले आकडे बंद पाकिटांत घातले होते, आणि कोणावर कोणती शस्त्रक्रिया करायची ते पाकीट ठरवीत असे. डॉक्टरची आवड त्यात शिरू नये, एवढ्याचसाठी.

रुग्णाला हे समजावणे सर्वांत कठीण. बरोबरचे विद्यार्थी दहा-दहा मिनिटे बोलत आणि शेवटी रुग्ण विचारी, "म्हणजे डॉक्टर, माझं काय करणार?" राजसीला मात्र एके दिवशी एक वाक्य सुचले होते. कवितेची ओळ सुचावी तसे, पूर्ण आणि गोल. "तुमच्या गावात कौल लावतात ना मावशी, तसंच हे. माझ्या मनाचं नाही, तुमच्या मनाचं नाही. पाकीट सांगेल ते."

सखूबाईंचा चेहरा तेव्हा एकदम उजळला होता. त्या धवलारीण. बदलापूरपलीकडच्या आगरी गावांत लग्न लागायचे तर धवले गाऊन विधी पार पाडायला त्याच लागत, आणि प्रत्येक मांडवात मानाचा विडा त्यांच्या हाती पडे. त्या मानानेच त्यांचे तोंड मिटवत आणले होते. त्यांच्या शब्दाला गावात वजन होते. त्यांनी सांगितले आणि त्यांच्या गावातले चौघे संशोधनात आले, बुधाजी त्यांत पहिला. स्वतः सखूबाई लग्नसराई संपेपर्यंत थांबल्या होत्या. शस्त्रक्रिया उद्या सकाळी होती.

राजसीला त्या वाक्याचा अभिमान होता. आता कपाळाला टेकलेला तो कागद पाहताना तिला प्रथमच कळले, की तिने काय सांगितले होते. कौल लावणाऱ्याला देवीच्या खांद्यावरून गळणारी पाकळी आंधळी वाटत नाही. ती पाकळी सगळे जाणून गळते. राजसीला म्हणायचे होते की कोणालाच माहीत नाही. तिच्या उपमेने सांगितले होते की कोणालातरी नक्की माहीत आहे.

"मावशी," तिने विचारले, "बुधाजीमामा तपासणीला येत नाहीत ते का?"

सखूबाईंनी कागदाची नीट घडी घातली. "तो कसा येल? देवीनी दिला व्हता, तरी त्याचा तोंड परत मिटला. म्हंजे त्याचाच कायतरी चुकला असंल. लाजतो तो."

"पण व्यायाम? आइस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या ना, रोज दातांमध्ये एकेक वाढवत न्यायच्या?"

"देवीनी दिलेल्याला काड्यांचा टेकू कनाला पायजे गो?" सखूबाई हसल्या. हसताना त्यांचे ओठ हलले नाहीत, फक्त डोळे हलले.

बुधाजीच्या नावापुढे राजसीने स्वतःच्या हाताने लिहिले होते, "रुग्ण सहकार्य करत नाही."

*

विभागप्रमुख डॉ. चिंतामणी आपल्या खोलीत चहात बिस्किट बुडवीत होते. ते राजसीचे मार्गदर्शकही होते. तिने दारातूनच सांगितले, "सर, सखूबाईंची संमती खरी नाही. कदाचित त्या गावच्या पाचही जणांची नाही."

"सही नाही?"

"सही आहे. त्यांना वाटतंय पाकिटात देवी बसलीय."

तिने सगळे सांगितले. सरांचे बिस्किट चहात तुटून पडले. ते चमच्याने ते शोधत राहिले.

"नाणेफेक म्हणाली असतीस तर एकही आला नसता," ते म्हणाले. "संगणक म्हणाली असतीस तर सगळ्यांनी मान डोलावली असती आणि कळलं कोणालाच नसतं. कौल म्हणालीस म्हणून आले. कवितेचा एवढा उपयोग होतो हे मला ठाऊक नव्हतं."

"चेष्टा करू नका, सर."

"चेष्टा नाही करत. कागदावर तू स्वच्छ आहेस. सही आहे, साक्षीदार आहे, नीतिसमितीची परवानगी आहे." त्यांनी चमचा बशीत ठेवला. "आता ऐक. तिला सांगितलंस तर ती जाईल. ती गेली की बाकीचेही जातील. रुग्णसंख्या भरली नाही की प्रबंध लटकला, प्रबंध लटकला की परीक्षा पुढच्या खेपेला. समितीला कळवावं लागेल, ते मी कळवीन. हे सगळं तुला ठाऊक आहे ना?"

"हो."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"तुम्ही 'नको सांगूस' म्हणाल, म्हणून."

सर मोठ्याने हसले. "नाही म्हणणार. 'सांग' असंही नाही म्हणणार. उद्याच्या यादीत पहिलं नाव तिचं आहे. जा."

ती गेली, पण वॉर्डकडे गेली नाही. काड्या संपत आल्या आहेत असे स्वतःला सांगून ती बाजारात उतरली. रस्त्यावर गाद्यांचे ढीग, काचेची कपाटे, मोबाइलच्या आवरणांचे झुलते पडदे होते. ऊन प्रत्येक वस्तूच्या कडेला धार लावीत होते. तिच्या मनात ते एकच वाक्य पिंजऱ्यातल्या प्राण्यासारखे फेऱ्या मारत होते. तसंच हे. तसंच हे. जगातली कोणतीही गोष्ट दुसरीसारखी नसते, हे तिला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते. कवितांनी तर उलटच शिकवले होते.

"डॉक्टरसाब, फिर आ गये?" घाऊक मालाच्या दुकानातले सिंधी काका काड्यांचे गठ्ठे काढत म्हणाले. "खरं सांगा, आत हॉस्पिटल आहे का कुल्फीची फॅक्टरी?"

"काका, माणसांची तोंडं उघडतो आम्ही यांनी."

"माझ्या बायकोचं बंद करायचं काही असेल तर सांगा." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी विषय सोडला आणि गठ्ठ्यावर एक जास्तीचा बांधून दिला.

*

ती परतली तेव्हा सखूबाईंचा मुलगा धर्मेश आला होता. तो जमिनीचे व्यवहार करीत असे. गळ्यात साखळी, हातात दोन फोन. राजसीने खुर्ची ओढली आणि या वेळी कोणतीही उपमा न घेता सुरुवात केली.

"मावशी, मी तुम्हांला एक चुकीचं सांगितलं. पाकिटात कौल नाही."

"मंग काय हाय?"

"आकडा. कंप्युटरने काढलेला, न बघता. तुम्ही कोण, तुमचा गाल कसा, तुम्हांला काय सोसेल, त्याला काही माहीत नाही."

"न बघता?" सखूबाईंनी घडी घातलेला कागद उशीखालून काढला आणि हातात धरून ठेवला.

"आई, मी बोललो होतो ना तुला," धर्मेश म्हणाला. "लॉटरी आहे ही. घरांची लागते तशी. कुणाला ठाण्यात, कुणाला डोंगरात."

"तू गप रे." त्या राजसीकडे वळल्या. "देवीला ठाव नाय?"

"देवीचं मला सांगता येणार नाही. पण या पाकिटाला ठाऊक नाही."

"तुना?"

"मला नाही."

"तुज्या सरांना?"

"त्यांनाही नाही. कोणालाच नाही, मावशी. ते कळावं म्हणूनच हे चाललंय."

सखूबाईंच्या गालाचे स्नायू आवळले. ओरडायला तोंड उघडावे लागते, आणि त्यांचे तोंड उघडत नव्हते. त्यांचा सगळा राग त्या अरुंद फटीशी दाटी करून उभा राहिला. "म्हंजे मी चार मानसांना घेऊन देवीच्या म्होरं बसलंय. नारल फोरला. मी सांगितला सगल्यांना, घाबरू नका, कौल हाय. माजा शबूद घातला मी. आनि तुमी आमच्यावर बगताव, कंचा टिकतो?"

"हो," राजसी म्हणाली. त्या 'हो'ला कुठेही मऊ कड नव्हती, आणि ती शोधायची नाही असे तिने ठरवले होते.

"तेवडा तरी खरा बोल्लीस."

"मावशी, तोंड उघडायला हवं तुमचं, हे खोटं नाही. दोन्हींनी उघडतं. तुम्ही संशोधनात नसलात तरी ऑपरेशन करू. तुम्ही म्हणाल ते."

"मी म्हनन ते? मना काय कलतं त्यातला?" त्या एकदम पुढे झुकल्या. "तुज्या मनान काय हाय? कंचा बरा?"

"मला वाटण्याला अर्थ नाही."

"वाटतं ना पन?"

राजसीने मान खाली घातली. तिला वाटत होते. पहिल्या दिवसापासून वाटत होते. ते वाटणे हातात उतरू नये म्हणूनच तर पाकिटे होती.

सखूबाई उठल्या. साडीचा पदर खोचला, डबा पिशवीत टाकला. "धर्मेश, रिक्षा बग. उद्या नाय करायचा." दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "बुधाजीला मी नाय सांगनार. माज्या तोंडानी गेलेला शबूद मी कसा फिरवू? तू ये गावान. देवलान सगल्यांच्या म्होरं सांग."

"येते."

"बगू."

*

रविवारी सकाळी बदलापुरातल्या बेलवलीच्या घरात बाबांनी, देवदत्तांनी, तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात त्यांचे आयुष्य गेले होते. तिच्या न खाल्लेल्या पोह्यांकडे पाहत ते म्हणाले, "आमच्याकडे शंका आली की अख्खी बॅच थांबवतात. लाज वाटते, पण थांबवतात."

"बॅच आपल्याला देवळात बसवून जाब विचारत नाही, बाबा."

"तेही खरं." त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "सोबत येऊ?"

"नको. तुम्ही आलात की मी तुमच्याशीच बोलत बसेन."

रिक्षा हेंद्रेपाड्यावरून निघाली, अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या मधून, त्यांच्या जाहिरातींतल्या हसऱ्या कुटुंबांच्या खालून, आणि मग एकदम शेतात शिरली. वाटेत ती वाक्ये जुळवीत होती आणि मोडीत होती. प्रत्येक वाक्यात कुठूनतरी एखादे 'जसं' डोके वर काढी, आणि ते खुडून टाकावे लागे.

गावदेवीच्या देवळाच्या गार फरशीवर मंडळी बसली होती. सखूबाई खांबाला टेकून, धर्मेश दाराशी, देवीचा भगत गाभाऱ्याजवळ, संशोधनातले बाकीचे तिघे एका ओळीत. बुधाजी सर्वांच्या मागे, अंगाने उंच, पण खांदे इतके पाडून बसलेला की नजर त्याच्यावरून घसरून जावी.

राजसी उभी राहूनच बोलली. "दोन ऑपरेशनं आहेत. दोन्हींनी तोंड उघडतं. जास्त टिकतं कोणतं, ते कोणाला माहीत नाही. ते कळावं म्हणून काहींवर एक करतो, काहींवर दुसरं. कोणावर कोणतं, ते न बघता ठरतं, कारण बघून ठरवलं तर आमची आवड मधे येते. मी तुम्हांला हे कौलासारखं आहे असं सांगितलं. ते चूक होतं. ज्यांना आता नको आहे, त्यांनी थांबावं. उपचार थांबणार नाहीत."

भगत खाकरला. "म्हंजे आमचाच बरा. आमची देवी निदान सांगतं तरी."

एकदोघे हसले. बुधाजी हसला नाही. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि पुढे आला.

"मंग माजा मिटला, तो कशानी?"

"आजार तसा चिवट आहे, मामा. आणि तुम्ही व्यायाम सोडलात."

"देवीनी नाय फिरवला?"

"नाही."

"माजा पाप नाय त्यान?"

"नाही. व्यायामाची गरज नाही असं तुम्हांला वाटलं, ते माझ्या बोलण्यामुळे."

बुधाजीच्या घशातून एक आवाज आला, हसण्याचा की कशाचा ते मिटलेल्या तोंडामुळे ओळखता आले नाही. "यंदा पालखीला खांदा दिला नाय गो मी," तो म्हणाला. "पोरगा बोलवत व्हता. मी घरान बसलू. वाटला, आपला हात नको लागाया." मग तो गर्रकन भगताकडे वळला. "आनि तू! तू बोल्लास, कायतरी चुकला असंल!"

भगत गाभाऱ्याकडे पाहू लागला. "मना काय ठाव. सगलीच बोलत व्हती."

राजसीला काहीतरी म्हणायचे होते. क्षमा हा शब्द तिच्या जिभेवर आला आणि तिथेच राहिला, कारण तो उच्चारला असता तर या माणसाला तिला माफ करावे लागले असते, आणि तेवढेही काम त्याच्यावर टाकायचा तिला हक्क वाटेना. ती म्हणाली, "मंगळवारी या. मोजू, आणि पुन्हा सुरू करू. संशोधनात राहायचं की नाही ते नंतर सांगा."

"येन," बुधाजी म्हणाला. थोड्या वेळाने, "ऱ्हाईन पन. कललं तरी पायजे कंचा टिकतो."

बाकी तिघांपैकी दोघांनी नकार दिला. एक म्हणाली, घरी विचारून सांगते. प्रबंधाच्या अपेक्षित संख्येला पडलेले भगदाड राजसीने मनातल्या मनात पाहिले आणि त्यावरून नजर काढून घेतली. सखूबाई अजून खांबापाशीच होत्या. त्यांनी हाताने तिला जवळ बोलावले.

"बस. उबी कनाला? पोलीस हायस काय?"

ती बसली.

"सोमवारी येतंय मी. तुमच्या त्या बगन्यान नाय. माजी मी."

"चालेल, मावशी."

"आता सांग. तू त्या दिवशी मान खाली घातलीस. कंचा बरा, तुज्या मनानी?"

आता झाकायला काही उरले नव्हते. सखूबाई संशोधनाच्या बाहेर होत्या. त्यांच्यासाठी राजसी फक्त एक डॉक्टर होती, जिला मत असते आणि ते मत चुकू शकते. "चामडीचं," ती म्हणाली. "चरबी पुढपर्यंत पुरत नाही, असं मला वाटतं. पण हे मी सिद्ध करू शकत नाही. आणि त्याने तोंडावर रेघ राहील, इथे, नाकापासून ओठापर्यंत."

सखूबाईंनी स्वतःच्या नाकाशेजारची घडी बोटाने चाचपली. त्यांनी एकदा देवीकडे पाहिले, एकदा धर्मेशकडे, आणि बराच वेळ राजसीकडे.

"मना चरबीचा पायजे."

"आई!" धर्मेश दारातून ओरडला. "अगं, डॉक्टरने आत्ता काय सांगितलं?"

"ऐकला मी. बहिरी नाय. तिला वाटतं तो तिनी सांगितला. मना वाटतं तो मी सांगतंय." त्या राजसीकडे वळल्या. "नवरीच्या म्होरं उबी ऱ्हातंय मी. थोबाड चिरलेला घेऊन नाय उबी ऱ्हानार. करशील ना नीट? का तुज्या मनान नाय म्हनून कसातरी करशील?"

"नीट करीन."

"मिटला परत तर?"

"तर परत बघू. तेव्हाही मला नक्की माहीत नसेल."

"भली डाक्टरीन हायस," सखूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत कुठूनतरी, अगदी थोडे, हसू आले.

परतीच्या रिक्षात राजसी अंग चोरून बसली. तिच्या आत काहीही शांत झालेले नव्हते. सोमवारी तिच्या हातांना तेच करावे लागणार होते जे तिला कमी पटत होते, आणि त्यांनी ते संपूर्ण निष्ठेने करायला हवे होते. चरबी किती सावकाश ओढावी लागेल, पुढच्या कोपऱ्यात टाका कुठे घ्यावा लागेल, हे ती मनात पुन्हा पुन्हा करून पाहत होती, आणि दर वेळी तो कोपरा थोडा उघडा राहत होता. तीन वर्षे तिने आपला अंदाज बरोबर ठरावा म्हणून गुपचूप वाट पाहिली होती. आता, बदलापूरच्या पहिल्या इमारती दिसू लागल्या तेव्हा, तो अंदाज साफ खोटा ठरावा असे तिला जीव तोडून वाटू लागले.